बोटाला लागलेली ओल

जेलरोड, नाशिकरोड
६ जानेवारी २०२५

तीर्थरूप अक्कास,
धाकट्या सहादूचा सप्रेम जयभीम. वि. वि.

अक्षर बघून घाबरू नकोस. पानावरून कोंबडी चालत गेल्यासारखं दिसत असलं तरी मीच लिहितोय, उजव्या हाताने. दिवाळीनंतर झटका येऊन गेला तेव्हा तू दवाखान्यात येऊन बघून गेलीसच. आता पाय सुधारला, जीभही सरळ झाली. हात मात्र अजून परक्याचा वाटतो. बोटं हलतात, पण मोजा घातल्यासारखं मध्ये काहीतरी येतं. व्यायाम करून घ्यायला सृष्टी नावाची पोरगी घरी येते. तिने फर्मान काढलंय, की रोज पानभर लिहायचं. काय लिहू म्हटलं तर म्हणाली, पाढे लिहा. या वयात पाढे लिहिण्यापेक्षा तुला पत्र लिहिलेलं बरं. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला ओरडायचा कंटाळा, तेव्हा दोघांचीही सोय.

रोहिणी आणि जावई किशोरराव माझं फार करतात. त्यांची स्नेहा पुण्याला शिकायला गेल्यापासून तिची खोली रिकामी होती, ती मला दिलीय. रोहिणी पतसंस्थेतून आली की आधी माझ्या खोलीत डोकावते, मग चपला काढते. चहा, गोळी, शाल, मोसंबीचा रस, पुन्हा गोळी. मी नुसता उठलो तरी नाना, कुठे निघालात. लेकीवर रागावताही येत नाही आणि मोकळा श्वासही घेता येत नाही, अशी गत आहे.

आता मुद्द्याचं. घोटीचं आपलं शेत पुंजाराम मागतोय. बांधाला बांध लागून त्याचं रान, माणूस भला आहे. तो म्हणतो, शेत मला द्या आणि तुम्ही लेकीकडे सुखाने राहा. रोहिणीच्याही मनात तेच आहे, फक्त तोंडाने म्हणत नाही. मी फेब्रुवारी संपेपर्यंत मुदत मागून घेतलीय आणि मनाशी एक ठरवलंय. घरच्या काटेरी वांग्याचं बी माझ्या पेटीत होतं. त्याची रोपं इथे खिडकीत करायची. रोपं नीट आली तर हात शाबूत आहे असं समजेन, शेत ठेवीन आणि जाऊन लावणी करीन. नाही आली तर पुंजारामला सही देऊन मोकळा होईन. ज्याला रोप करता येत नाही त्याने शेत अडवून बसू नये.

फ्लॅटमध्ये माती नको म्हणून किशोररावांनी कोकोपीटची वीट आणली. नारळाच्या काथ्याचा भुसा, दाबून विटेएवढा केलेला. बादलीत टाकून पाणी ओतलं तर तो फुगत फुगत बादलीबाहेर आला आणि बाथरूमभर झाला. रोहिणी ओरडली, मी हसलो. झटक्यानंतर पहिल्यांदाच इतकं हसलो असेन. भुसा हातात घेतला तर वजनच लागत नाही, मला काही भरवसा वाटेना. तरी ट्रेमध्ये भरून काल बी टाकलं. घरात सगळ्यांना बजावलंय, की ट्रेला माझ्याशिवाय कोणी हात लावायचा नाही.

रवीला, सूनबाईंना जयभीम सांग. लोभ लहानपणापासून आहेच, तो पुढेही चालू दे.

तुझा,
सहादू

*

हरसूल
१५ जानेवारी २०२५

चि. सहादूस,
अक्काचे अनेक आशीर्वाद व जयभीम.

तुझं पत्र मिळालं. अक्षराचं एवढं काय कौतुक सांगतोस, चौथीत असताना याहून वाईट होतं. गुरुजी तुझी पाटी उलटी धरून वाचायचे. उलट मला तर ते पान बघून बरं वाटलं. रवीने वाचून दाखवू का म्हणून विचारलं, मी त्याला हात लावू दिला नाही.

तू कोकोपीट धुतलंस का? तू धुतलं नसणार, तुला घाई. त्यात खार असतो. आमच्या बचत गटाच्या बायकांनी गेल्या वर्षी मिरचीचे ट्रे केले, तेव्हा पानांच्या कडा जळाल्यासारख्या झाल्या होत्या. पाणी नितळ उतरेपर्यंत धुवायचं असतं. शिवाय त्यात खायला काही नसतं. दोन पानांनंतर अगदी पातळ खत द्यावं लागतं.

बाकी तुला मी काय शिकवणार. बाबा आपल्याला सकाळी न्याहारीआधी रोपांच्या गादीवाफ्यावर घेऊन जायचे, आठवतं? पहिल्या पेरापर्यंत बोट घालायला लावून विचारायचे, वाफसा आहे का. ओल आहे पण चिखल नाही, मुळांना पाणीही आहे आणि हवाही. मी दर वेळी चुकायचे आणि तू दर वेळी बरोबर. गूळ तुला मिळायचा. तेव्हा मला तुझा भारी राग यायचा. तर त्याच बोटाने बघ आणि मगच पाणी दे. त्या भुशाचं वरचं रूप बघून फसू नकोस.

रोहिणीवर चिडू नकोस. तुला दवाखान्यात नेलं त्या दिवसापासून ती घाबरलेली आहे, एवढंच आहे ते.

मोठ्यांस जयभीम, लहान तिथे कोणी उरलं नाही म्हणून तो पापा तुलाच.

तुझी,
अक्का

*

नाशिकरोड
२ फेब्रुवारी २०२५

तीर्थरूप अक्कास,
सप्रेम जयभीम. वि. वि.

तू जादूगारीण आहेस. कोकोपीट धुतलं नव्हतं. तुझं पत्र येईपर्यंत बी उगवून वर आलं होतं आणि पानांची टोकं तपकिरी पडायला लागली होती. ट्रे बाथरूममध्ये नेऊन किशोररावांकडून हळूहळू भरपूर पाणी सोडून घेतलं आणि नितळू दिलं. पुढची पानं स्वच्छ आली.

मग दुसरंच दुखणं निघालं. रोपं उंच आणि पांढुरकी, सगळी खिडकीकडे मान काढून उभी. नाशिकची थंडी, त्यात समोर दुसरी इमारत, ऊन कितीसं येणार. इथे रोहिणीने डोकं चालवलं. पोळ्या गुंडाळायचा चमकता कागद पुठ्ठ्याला चिकटवून तिने ट्रेमागे उभा केला आणि उजेड दोन्ही बाजूंनी मिळायला लागला. रोपं सरळ झाली. मला काही हे सुचलं नसतं. मी तिला शाबास म्हटलं तर तिच्या डोळ्यांत पाणीच आलं.

एवढं सगळं ठीक. आता मात्र रोपं कोलमडायला लागलीत. जमिनीलगत देठ दोऱ्यासारखा बारीक होतो, काळपट पडतो आणि रोप आडवं होतं. हा रोग मला नवा नाही, ओल जास्त झाली की होतो. म्हणून मी पाणी तोडलं. आणि इथेच माझं डोकं चालेना. मी पाणी देत नाही, वरून भुसा कोरडा तांबूस दिसतो, आणि बोट घातलं की ओल लागते. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. डोळे सांगतात कोरडं, बोट सांगतं ओलं. ट्रे उचलून वजन बघावं तर उजव्या हातात तेवढा जोर नाही.

अक्का, बोट खोटं बोलायला लागलंय असं मला वाटतं. झटक्याने ते गेलं असेल आणि मला उगाच जुन्या सवयीने ओल जाणवत असेल. परवा बोटाचं न ऐकता डोळ्यांचं ऐकलं आणि पाणी दिलं. आज आणखी रोपं आडवी.

कळावे. लोभ आहेच, पण काळजी करू नको.

तुझा,
सहादू

*

नाशिकरोड
७ फेब्रुवारी २०२५

तीर्थरूप आत्यास,
रोहिणीचा सविनय जयभीम. वि. वि.

माझं पत्र बघून तुला नवल वाटेल. नानांची पत्रं मीच टपालपेटीत टाकते, पण वाचत नाही, शपथ. हे मी पतसंस्थेत जेवणाच्या सुट्टीत लिहितेय. घरून रवीदादाला फोन केला असता, पण आमच्या भिंतींमधून नानांना सगळं ऐकू जातं.

आत्या, नानांचं काही खरं नाही. त्यांच्या वांग्याच्या रोपांनी मान टाकायला सुरुवात केलीय आणि तेही तसेच होत चाललेत. सकाळी ट्रेमध्ये बोट घालून बसतात. बोट तसंच ठेवून खिडकीबाहेर बघत राहतात. मी चहा नेला तर दचकतात. त्यांनी या रोपांवर शेताचा निकाल ठेवलाय हे त्यांनी मला सांगितलं नाही, पण मला कळतं.

आता तुला एक सांगते, त्यांना कळू देऊ नकोस. जानेवारीत एकदा ते ट्रेपाशी स्वतःशीच पुटपुटत होते, की अजून वाफसा नाही, अजून वाफसा नाही. मी नीट बघितलं तर खरंच वाफेचं कुठे नाव नव्हतं. ट्रेला हात लावायची आम्हाला बंदी, विचारलं तर चिडतील. म्हणून ते संध्याकाळी वंदनेला विहारात जातात तेव्हा मीच ते काम करते. ट्रेखालच्या ताटलीत पेलाभर कोमट पाणी ओतते, म्हणजे वरून काही दिसत नाही. मग स्नेहाच्या नव्या चादरीचं प्लास्टिक वरून घालते. थोड्या वेळाने आतून थेंब धरतात, छान वाफ येते. ते परत यायच्या आत प्लास्टिक काढून, ताटली पुसून ठेवते. एक दिवसही चुकवलेलं नाही.

एवढं करूनही रोपं का मरतात? कोमट पाणी कमी पडतं का? तुमच्या गटात बायका वाफसा कसा आणतात ते मला कळव. मी पाचवीपासून वसतिगृहात राहिले, मला शेतातलं ओ की ठो कळत नाही. पण ही रोपं जगली पाहिजेत.

पत्र पतसंस्थेच्या पत्त्यावर पाठव. माया आहेच, उत्तराची घाई कर.

तुझी,
रोहिणी

*

नाशिकरोड
१२ फेब्रुवारी २०२५

तीर्थरूप अक्कास,
सप्रेम जयभीम.

आज फार लिहीत नाही. काल किशोररावांना सांगून पुंजारामला होकार कळवला. महिनाअखेरीस तो कागद घेऊन येईल.

ट्रेमध्ये थोडी रोपं उभी आहेत, तीही किती दिवस कोण जाणे. रोपं मेल्याचं मला तितकं वाटत नाही. रोपं आधीही मेली आहेत, पावसाने मेली, किडीने मेली. पण तेव्हा मला कळायचं, की का मेली. आता बोट आत घालतो आणि ते काय सांगतं त्यावर माझाच विश्वास बसत नाही. आयुष्यभर या एका बोटाच्या सांगण्यावर पाणी दिलं आणि तोडलं. बाकी मला काय येतं, अक्का?

रोहिणीला सांगितलं तेव्हा ती उठून भांडी घासायला गेली. तिला आनंद होईल वाटलं होतं.

तू वाईट वाटून घेऊ नकोस. ते शेत बाबांचं होतं तसं तुझंही होतं, म्हणून तुला आधी विचारायला हवं होतं. तेवढं पोटात घाल.

तुझा,
सहादू

*

हरसूल
१८ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. रोहिणीस,
आत्याचे अनेक आशीर्वाद व जयभीम.

आमच्या पोस्टमनची कृपा, तुझं पत्र आणि सहादूची दोन पत्रं त्याने एकदम हातात दिली. आधी तुझं वाचलं आणि इतकी हसले, की सूनबाई स्वयंपाकघरातून धावत आली. मग सहादूची वाचली आणि हसू जागच्या जागी थांबलं.

अगं बाई, वाफसा म्हणजे वाफ नव्हे. वाफसा म्हणजे जमिनीत पाणी आणि हवा दोन्ही बेताने असणं. जास्तीचं पाणी निघून गेलेलं असतं आणि हवं तेवढं राहिलेलं असतं. तो कोणी आणायचा नसतो, त्याची वाट बघायची असते. रोज संध्याकाळी पाणी ओतून आणि वरून प्लास्टिक घालून तू त्या रोपांना श्वासच घेऊ दिला नाहीस. म्हणून ती कोलमडली.

पण हे रोपांचं झालं. तुझ्या बापाचं काय झालंय ते ऐक. तो रोज बोट घालतो आणि त्याला ओल लागते. पाणी तर त्याने दिलेलं नाही. म्हणून त्याची खात्री झालीय, की झटक्याने त्याचं बोट गेलं. त्याने शेत पुंजारामला द्यायचं ठरवलंय ते रोपं मेली म्हणून नाही, बोट गेलं म्हणून. आणि बोट तर पहिल्या दिवसापासून खरं सांगत होतं. ओल होतीच, रोहिणी. ती तुझी होती.

पाणी आजच बंद कर. ताटली काढ, आडवी झालेली रोपं उपटून टाक, खोलीत वारं खेळू दे. उरलेली जगतील. आणि त्याला सांग. रवीला फोन लावायला सांगणार होते, पण ही गोष्ट तिसऱ्याच्या तोंडून जाऊ नये. मीही सांगणार नाही. पुंजाराम यायच्या आत तूच सांग.

एक विचारते, रागावू नकोस. पेला ओतताना तुला नक्की काय हवं होतं? रोपं जगली असती तर तो घोटीला निघून गेला असता, हे तुला माहीत होतं ना? मला उत्तर दिलं नाहीस तरी चालेल, स्वतःला दे.

तुझ्यावर माया आहे म्हणूनच इतकं कडू लिहिलं.

तुझी,
आत्या

*

हरसूल
१८ फेब्रुवारी २०२५

चि. सहादूस,
अनेक आशीर्वाद व जयभीम.

शेताचं तू ठरव, माझं काही म्हणणं नाही. फक्त ट्रे इतक्यात फेकू नकोस आणि सहीची घाई करू नकोस. तुझ्या त्या बोटाला मी लहानपणापासून ओळखते. त्याच्यापायी माझा गूळ गेला. ते खोटं बोलणाऱ्यातलं नाही.

बाकी तू शहाणा आहेस, असं लोक म्हणतात.

तुझी,
अक्का

*

नाशिकरोड
२५ फेब्रुवारी २०२५

तीर्थरूप आत्यास,
सविनय जयभीम. वि. वि.

तुझं पत्र शुक्रवारी पतसंस्थेत मिळालं. काउंटरवर गर्दी होती, मी मागच्या खोलीत जाऊन वाचलं. परत येऊन बसले तर समोरची बाई विचारायला लागली, की ताई, बरं वाटत नाही का.

पाणी त्याच दिवशी बंद केलं. पण शनिवारी सांगता आलं नाही. होकार दिल्यापासून नाना फार गुणी झाले होते. मोसंबीचा रस मुकाट्याने पितात, शाल पांघरा म्हटलं की पांघरतात. इतके दिवस मला हेच हवं होतं आणि आता ते बघवेना. तू विचारलंस त्याचं उत्तर देते. त्यांनी जिंकावं असं मला वाटत होतं. त्यांनी जाऊ नये असंही तितकंच वाटत होतं. पेला ओतताना यातलं कुठलं खरं होतं ते मला आजही सांगता येत नाही. ते दवाखान्यात होते तेव्हा मी त्यांचा हात धरून बसले होते आणि त्यांना ते कळत नव्हतं. ते माझ्या डोक्यातून जातच नाही.

रविवारी सकाळी मी तीन वाट्यांमध्ये कोकोपीट भरलं. एका वाटीत पाणी तुडुंब, एकीत वरवर शिंपडून आत कोरडं, आणि एकीत पिळून ओलसर ठेवलेलं. नानांना म्हटलं, डोळे मिटा आणि बोट घाला. हा काय पोरखेळ म्हणून उठायला निघाले, किशोरने बसवलं. पहिल्या वाटीत बोट घातलं न घातलं तोच म्हणाले, चिखल. दुसरीत घातलं आणि म्हणाले, वरून फसवतंय, आत कोरडं ठाक आहे. तिसरीत बोट बराच वेळ ठेवलं आणि हळूच म्हणाले, की हा वाफसा. मी वाट्या फिरवल्या. पुन्हा तेच. मग किशोरने डोळे मिटून बघितलं, मीही बघितलं. मी तर कोरडीला ओली म्हटलं. माझ्या बोटांना काय झालंय, मला कुठे झटका आलाय.

मग मी सांगितलं. विहारात जायची वेळ, ताटली, प्लास्टिक, सगळं. त्यांनी विचारलं, की हे कशासाठी. मी म्हटलं, वाफ येण्यासाठी, तुम्ही वाफसा नाही म्हणत होता ना. ते तसेच उठले, खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. मी दाराशी जाऊन ऐकलं. आत ते हसत होते की रडत होते ते मला कळेना, किशोरलाही कळेना. दुपारी जेवलेही नाहीत.

चहाच्या वेळी बाहेर आले. म्हणाले, ती ताटली भांड्यांत टाक आणि मला फोन लावून दे, पुंजारामशी मीच बोलतो. फोन घेऊन गॅलरीत गेले. काय बोलले ते त्यांनी सांगितलं नाही. मी विचारलंही नाही. फार जड गेलं, आत्या, पण नाही विचारलं.

तुझ्या शब्दांचा राग नाही. तुझी माया अशीच राहू दे, हवं तर कडूच.

तुझी,
रोहिणी

*

नाशिकरोड
२० मार्च २०२५

तीर्थरूप अक्कास,
सप्रेम जयभीम. वि. वि.

तुझ्यावर रागावायचं ठरवलं होतं. सगळं ठाऊक असून तू मला लिहिलंस काय, तर तुझा गूळ गेला. मग रोहिणीने तुझं पत्र दाखवलं आणि राग ओसरला. बरं केलंस सांगितलं नाहीस. तुझ्याकडून ऐकलं असतं तर मी तिला कधीच माफ केलं नसतं. तिच्याच तोंडून ऐकलं म्हणून जमलं.

त्या दिवशी दार लावून बसलो तेव्हा खूप राग आला होता. पोरीने माझा हात माझ्याच विरुद्ध उभा केला, असं वाटलं. मग वाफ आठवली. कोमट पाणी ओतून, प्लास्टिक घालून वाफ बघत बसलेली माझी पोर डोळ्यांपुढे आली आणि हसायला आलं. मध्येच रडूही आलं. तिला वाफसा ठाऊक नाही याला मीच कारण. शिकायला म्हणून तिला लहानपणीच वसतिगृहात ठेवली, ते चुकलं असं म्हणत नाही. पण मग तिच्या बोटाला ओल कुठून कळणार होती?

पुंजारामला सांगितलं, की शेत विकायचं नाही. तो म्हणाला की बरं झालं नाना, तुमच्याशिवाय बांधावर भांडायला मजा नाही. नांगरट आणि ओझ्याचं काम तो करील, भात वाट्याने लावील. वांग्याचा तुकडा माझा. मी सोमवारी घोटीला जातोय. एकटा राहणार म्हणून सगळे घाबरलेत. खरं सांगू का, मीही घाबरलोय. पण ही भीती मला पेलवते. ती दुसरी, बोट गेल्याची, पेलवत नव्हती.

रोपांचं म्हणशील तर उरलेली ती सगळी जगली. मूठभरच आहेत, पण देठ जाड आहेत आणि काटे आत्तापासून बोचतात. ती माझ्याबरोबर येतील. पेटीतलं राहिलेलं बी रोहिणीने परवा नव्या ट्रेमध्ये टाकलं, कोकोपीट तीन वेळा धुऊन. तो ट्रे इथेच राहील, तिचा. रोज सकाळी ती बोट घालते आणि मला विचारते. अजून चुकते. तुझ्यावर गेली आहे.

आम्ही एक करार केलाय. दिवसातून एकच फोन, तोही संध्याकाळी. आणि रविवारी ती आणि किशोरराव घोटीला येतील, मोसंबी न घेता.

सृष्टी म्हणाली, हात चांगला झालाय, आता रोज लिहिलं नाही तरी चालेल. मी लिहिणार आहे. लोभ कमी करू नकोस, आणि गूळ घेऊन ये, तुझा वाटा देणं लागतो.

तुझा,
सहादू

ता. क. – हे सांगायचं राहिलं. आता रोहिणी खोलीत एकदम शिरत नाही. दाराशी थांबते आणि विचारते, नाना, वाफसा आहे का? मी नाही म्हटलं तर चहाचा कप घेऊन तशीच परत जाते, तोंड वाकडं करत नाही. काल मी सामान बांधत होतो. ती दारात आली, हातात काही नव्हतं. तिने विचारलं. मी म्हटलं, आहे. मग ती आत येऊन माझ्या शेजारी बसली, आणि अंधार पडेपर्यंत आम्ही दोघं बसून राहिलो.